चोरून मोजलेली शुगर

मनकर्णाबाई दुर्गेला आपल्या नवऱ्याच्या शुगरचा हेवा वाटायचा. हसू नका. शेजारणीच्या नव्या लुगड्याचा हेवा वाटतो, जावेला चांगली सून मिळाली म्हणून वाटतो, तेव्हा कोणी हसत नाही. मग आजाराचा वाटला तर काय बिघडलं? ज्याला नवल वाटत असेल त्यानं पोंभुर्ण्याच्या अलीकडं चेक सावरीला जावं, दोन वर्षं त्या घरातली चूल फुंकावी आणि मग मला शहाणपण शिकवावं.

देवराव दुर्गे म्हणजे मनकर्णाबाईचा नवरा. जंगल खात्यात वनमजूर होता, साठीला निवृत्त झाला. स्वभावानं गरीब, दारूचा थेंब नाही, विडी नाही, विहाराच्या कामात सगळ्यात पुढं. एकच खोड, गोड दिसलं की हात आवरत नसे. लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढणारा यायचा तेव्हा देवरावचा द्रोण आधीच पुढं सरकलेला असायचा. निवृत्तीला वर्ष होत नाही तोच उपकेंद्रात बोटाला सुई टोचली आणि निघाली शुगर. त्या दिवसापासून घराची दिशाच बदलली.

झाडीपट्टीतलं घर, तिथं तीन वेळा भात. भातानं पोट भरलं नाही तर माणूस जेवलाच नाही असं समजतात. पण देवरावचा भात मुठीएवढा झाला आणि त्याच्यासाठी ज्वारीची भाकर आली. ही भाकर कोण करणार? मनकर्णाबाई. चहा बिनसाखरेचा, तो वेगळ्या गंजात, म्हणजे पातेल्यात. कारल्याची भाजी दिवसाआड. कोणीतरी सांगितलं म्हणून बिज्याच्या लाकडाचा गिलास आणला, त्यात रातभर पाणी ठेवायचं, सकाळी ते लालसर झालेलं पाणी पाजायचं. गिलास धुणार कोण, भरणार कोण? संध्याकाळी जेवणं झाली की कोमट पाण्यानं देवरावचे पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, आरसा धरून तळवे बघायचे, कुठं काटा, कुठं चीर. उपकेंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, मधुमेह झालेल्यांनी स्वतःची काळजी स्वतः घ्यावी. देवराव घेत होता की! फक्त त्याचे हात मनकर्णाबाईच्या खांद्याला होते.

बरं, कामाचं तिला काही नव्हतं. काम ती जन्मभर करत आली. तिला डसायचं ते वेगळंच. देवरावकडं सगळे बघायला लागले होते. पोरगा राजदीप चंद्रपूरला नोकरीला. आधी महिना महिना फोन नाही, आता रोज सकाळी फोन, "बाबा, गोळी घेतली? बाबा, फिरून आले?" सून हर्षा डब्यात भाजलेले फुटाणे भरून पाठवायची, वर चिठ्ठी, 'फक्त बाबांसाठी'. उपकेंद्राची रिना मॅडम स्वतः घरी यायची, पंधरा पंधरा मिनिटं बसायची. काय खावं, किती चालावं, हातपाय थरथरले, घाम फुटला, जीभ जड झाली तर साखर फार उतरली समजायचं आणि लगेच काहीतरी गोड द्यायचं, सगळं समजावून सांगायची. देवराव मान हलवायचा आणि मॅडम उंबऱ्याबाहेर पडली की विसरायचा. पाठ व्हायचं ते दाराआड चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या मनकर्णाबाईला. मॅडमनं तिच्याकडं कधी वळून बघितलं तर एवढंच म्हणायची, "काकू, काकांची काळजी घ्या हं."

आणि ती मशीन! राजदीपनं आणलेली. तळहाताएवढी, काळ्या पिशवीत. देवराव दर रविवारी आंघोळ, वंदना झाली की खाटेवर बसून बोट टोचायचा आणि सगळं घर श्वास धरून बसायचं. एकशे चाळीस आली की राजदीप फोनवर "शाब्बास बाबा!" म्हणायचा. शाब्बास! पस्तीस वर्षांत मनकर्णाबाईला कोणी कशासाठी शाब्बास म्हटलं असेल तर आठवून सांगा. मला तर आठवत नाही आणि तिलाही आठवत नव्हतं.

"मले तापबी येत नाई बापा," ती शेजारच्या वच्छलाजवळ म्हणायची. "येक डाव मोठा ताप आला असता, तं चार दिस कोणी पुसलं असतं."

"असं बोलू नये वो बाई," वच्छला म्हणायची.

"बोलू नये तं काय करू? मनात ठेवू? पोट फुगते माहं."

यंदाच्या रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीत, तिला तहान लागायला लागली. साधी तहान नाही. बांधीत वाकून धान रोवताना घसा असा कोरडा पडायचा की हातातली पऱ्ह्याची रोपं टाकून धुऱ्याच्या बांधावर ठेवलेली पाण्याची कॅन तोंडाला लावायची. आणि जितकं पाणी प्यायचं तितक्या वेळा उठून झुडपाआड जायचं. रोवणाऱ्या बाया काय, त्यांच्या जिभेला हाड आहे का? "मनकर्णाबाईले आता धुऱ्यावरच खाट टाकून द्या," म्हणून खिदळल्या. मनकर्णाबाईही हसली. पण घरी येताना तिची पावलं मंद झाली, कारण ही लक्षणं तिनं दाराआडून ऐकलेली होती.

शुगर तपासणारे त्याआधी गावात येऊन गेले होते. तिशीच्या वरच्या सगळ्यांना तपासायचं होतं. पण ती त्या दिवशी बांधीत होती. यादीत तिच्या नावापुढं 'घरी नाही' असं लिहून ते पुढं गेले. देवराव घरीच होता. बायको कुठल्या बांधीत आहे ते त्यानं सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

मग एका सकाळी देवराव फिरायला गेला असताना तिनं काळी पिशवी खुंटीवरून काढली. देवरावचं शंभरदा बघितलेलं, त्यामुळं अडलं काही नाही. नवी सुई लावली, बोट टोचलं, पट्टीला रक्त लावलं. मशीननं पाच सेकंद मोजले आणि दाखवलं, तीनशे अठरा.

आता मी खरं सांगतो, तुम्ही काही म्हणा. तिला आनंद झाला. आधी आनंद झाला, भीती मागून आली. तीनशे अठरा! देवरावची कधी अडीचशेच्या वर गेली नव्हती. 'मलेबी हाय,' ती मनात म्हणाली, 'आन याहून जास्त हाय.' चुलीपुढं बसून तिनं राजदीपच्या चेहऱ्याचा, हर्षाच्या चिठ्ठीचा, मॅडमच्या पंधरा मिनिटांचा विचार केला आणि ठरवलं, रविवारी राजदीप येईल तेव्हा सगळ्यांदेखत सांगायचं.

रविवारी राजदीप आला. आला तो हातात चपलांचा डबा घेऊन. शुगरवाल्यांसाठी मिळतात त्या, आतून मऊ. त्यानं खाली बसून स्वतःच्या हातानं बापाच्या पायात घातल्या. हर्षा म्हणाली, "बाबांले किती शोभून दिसते!" देवराव अंगणात दोन चकरा मारून आला, नव्या नवरदेवासारखा लाजत. मनकर्णाबाई तिथंच उभी होती. अनवाणी. सकाळीच बांधीतून आलेली, पायाची बोटं चिखलानं पांढरी पडलेली.

"राजदीप," ती म्हणाली, "मले येक सांगाचं होतं."

"बोल ना आई."

"मले बी आजकाल थकल्यावानी वाटते."

राजदीप काही बोलायच्या आत देवरावच बोलला. हसत हसत, प्रेमानंच बोलला, पण काय बोलला बघा. "हिले काय होते? तुही माय खडकासारखी हाय. मले पोचवून मंग जाईन ते."

सगळे हसले. राजदीप हसला, हर्षा हसली. मनकर्णाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. ती आत गेली आणि गंजातल्या चहावर झाकण असं आदळलं की कोंबडी उडाली. 'खडक काय? बरं. आता सांगतच नाई. पाह्यतो कोण पुसते ते.'

कोणीच पुसलं नाही. दोन आठवडे गेले, तीन गेले. दर तीनचार दिवसांनी, देवराव फिरायला गेला की ती मशीन काढायची. दोनशे नव्वद. तीनशे चार. तीनशे एकतीस. हा आकडा तिचा एकटीचा होता, देवरावला त्याची वार्ता नव्हती. त्याच्या बिज्याच्या गिलासातलं पाणी तिनं दोनदा चोरून पिऊन बघितलं. पण हट्टही असा की भात सोडला नाही. ताटभर भात, वर चहात दोन चमचे साखर. कोणासाठी सोडायचं? कोण शाब्बास म्हणणार?

इथं मनकर्णाबाईची बाजू घेणारा मीसुद्धा थांबतो. हा वेडेपणा होता. रुसून स्वतःचंच अंग जाळायचं आणि दुसऱ्याला धूर दिसावा म्हणून वाट बघायची, हे शहाण्याचं काम नाही. पण रुसलेल्या माणसाला हे कोण सांगणार, आणि सांगायला त्याचं रुसणं माहीत तरी हवं.

मशीन मात्र सगळं लक्षात ठेवत होती. हे तिला माहीतच नव्हतं. आकडा दिसला, पट्टी चुलीत टाकली, काम संपलं, अशी तिची समजूत. पोळ्याला राजदीप घरी आला आणि सहज म्हणून मशीनची बटणं दाबत बसला. एकदम ओरडला, "बाबा! हे काय हाय?"

"काय झालं?"

"तीनशे अठरा, तीनशे चार, तीनशे एकतीस! रविवारी एकशे चाळीस दाखवता आन मधल्या वारी हे?"

"मी मधल्या वारी तपासतच नाई," देवराव म्हणाला.

"मंग मशीन आपल्या मनानं लिहिते का?"

"मले काय मालूम बापा! मी रविवारीच तपासतो."

"बाबा, खोटं नोका बोलू," हर्षाही डोळे भरून म्हणाली. "गोड खाऊन मंग भेवून तपासत असान तुमी. कोणाच्या घरी खाऊन राह्यले?"

बुंदीची ख्याती आडवी आली. देवरावनं किती शपथा घेतल्या, कोण विश्वास ठेवतो? आणि मनकर्णाबाई? ती दारात उभी होती, हातात पुरणाची वाटी. एक वाक्य बोलली असती तर तिथंच मिटलं असतं. ते वाक्य तिच्या जिभेवर आलंही होतं. पण दोन वर्षांत पहिल्यांदा देवरावला कोणी रागावत होतं. पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं जे तिला आतून रोज वाटायचं, आपलं कोणी ऐकत नाही म्हणून. तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं. ती वाटी घेऊन आत गेली.

राजदीपनं आकड्यांचा फोटो काढून चंद्रपूरच्या डॉक्टरला दाखवला. डॉक्टरनं आकडे बघितले, गोळी एकाची दोन केली, पंधरा दिवसांनी रक्त तपासून या म्हणाला. आकडे बघून कोणीही हेच केलं असतं. आकडे कोणाचे ते फोटोत थोडंच दिसतं!

आणि देवराव इरेला पेटला. गरीब माणसाचा मान दुखावला की तो असाच करतो. "मी गोड खातो म्हणता ना? आता भातच खात नाई." मुठीएवढा भात होता तोही गेला. एक भाकर, तीही अर्धी ठेवून उठायचा. फिरणं दुप्पट केलं, रविवारी मशीनला हात लावणंही सोडलं. आठच दिवसांत मनकर्णाबाईला त्याची कॉलर सैल दिसायला लागली. सकाळी चहा देताना त्याचा हात थरथरताना दिसला. तिनं बघितलं आणि नजर फिरवली. 'नाटकं,' असं तिनं मनाला सांगितलं. दाराआडून पाठ केलेलं सगळं आठवत असूनही सांगितलं.

भाद्रपदाची पौर्णिमा आली. वर्षावासाचे दिवस, विहारात रोज सांजेला ग्रंथवाचन चाललेलं, आणि वाचायचा मान देवरावचा. पौर्णिमेला बायांनी विहाराच्या मागं मोठ्या गंजात खीर केली होती. गाव जमलेलं. मनकर्णाबाई बायांत बसली होती, वच्छलाला खेटून. देवराव पांढरा सदरा घालून समोर बसला, वंदना झाली, पंचशील झालं, त्यानं पान उघडलं आणि वाचायला लागला.

दहा मिनिटं नीट चाललं. मग एक ओळ त्यानं दोनदा वाचली. मग तिसऱ्यांदा. शब्द जिभेत अडकायला लागले. घामानं सदरा पाठीला चिकटला. मागून कोणीतरी पोट दाबून हसलं. "देवरावभाऊनं आज मारली वाटते बे."

"मोहाची हाय," दुसरा कुजबुजला. "बुढ्याची जीभ पाह्य."

जन्मात न पिलेला माणूस आणि विहारात त्याच्यावर ही पाळी! विहार समितीचा सचिव अंकुश उठला, त्यानं देवरावच्या पुढ्यातला ग्रंथ हळूच बाजूला घेतला आणि दंडाला धरलं. "भाऊ, चला. घरी जाऊन झोपा. लोकं पाहून राह्यले." देवरावनं त्याच्याकडं बघितलं, पण ओळखलं नाही. काहीतरी बरळला आणि एका कुशीवर कलला.

मनकर्णाबाईला सगळं एकदम कळलं. थरथर, घाम, जड जीभ. दोन गोळ्या, अर्धी भाकर. आणि तिचं न बोललेलं वाक्य. ती कशी उठली तिला समजलं नाही, बायांच्या मांड्यांवर पाय देत धावली.

"साखर आना! अवो साखर आना, लवकर!"

मागच्या दारातून खीर करणाऱ्या बाईनं उरलेल्या साखरेचा पुडा आणला खरा, पण अंकुशनं मनकर्णाबाईचा हात धरला. "येडी झाली का काकू? त्याले शुगर हाय! शुगरवाल्याले साखर पाजतं? मारतं का त्याले?"

"सोड हात!"

"पेशंट हाय तो! राजदीपच सांगून गेला पोळ्याले, बाबाची तीनशेच्या वर चालली म्हणून. आमाले सगळ्यायले बजावून गेला, गोड देऊ नोका म्हणून." चारजण पुढं आले. एकानं पुडा उचलून मागं केला. सगळे देवरावचं भलंच बघत होते हो, सगळ्यांना त्याचा जीवच वाचवायचा होता. आणि त्यांच्या पायापाशी देवरावचे डोळे पांढरे होत चालले होते.

"ते तीनशे यायचे नाई!" मनकर्णाबाई किंचाळली. "माहे हायत! माही शुगर हाय ते! मी चोरून मोजली मशीनवर! यायले माह्या आकड्यायची गोळी चालू हाय, यायच्या अंगात साखरच नाई राह्यली! दे तो पुडा!"

अंकुशचा हात आपोआप सुटला. तिनं गिलासात मूठभर साखर ओतली, पाणी घातलं, बोटानंच ढवळली. देवरावचं डोकं मांडीवर घेऊन ती त्याच्या ओठांना घोट घोट लावायला लागली. "प्या. अवो प्या. थुकू नोका." अर्धं सांडलं, अर्धं गेलं. वच्छला पदरानं वारा घालत होती. अंकुश उपकेंद्राकडं मोटारसायकल घेऊन पळाला. आणि पाचशे वेळा नवऱ्याचा राग केलेली ही बाई त्या वेळी मनात एकच घोकत होती, 'यायले काई झालं तं मी खून केला, मी खून केला.'

दहा मिनिटांनी देवरावनं डोळे नीट उघडले. आजूबाजूला बघितलं. बायकोच्या मांडीवर डोकं, सगळा गाव भोवती. बिचारा शरमला. "काय झालं जी?" म्हणाला.

उत्तर वच्छलानं दिलं, उपकेंद्राला कुलूप बघून परतलेल्या अंकुशनं दिलं, ज्यानं त्यानं आपापल्या परीनं दिलं. घरी पोचेपर्यंत देवरावला सगळं कळलं होतं. तो रागावला नाही, हेच वाईट. भांडला असता तर तिनंही चार शब्द काढले असते. खाटेवर आढ्याकडं बघत पडून राहिला, एवढंच म्हणाला, "मी शपथ घेऊन सांगत होतो तवा तू दारातच होती ना?"

"होती," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी राजदीप आणि हर्षा धावत आले आणि दोघांना उपकेंद्रात घेऊन गेले. रिना मॅडमनं आधी देवरावला तपासलं, दुसरी गोळी बंद केली. डॉक्टरला फोन लावून सगळं सांगितलं. मग मनकर्णाबाईला खुर्चीवर बसवलं. तीनशे बावीस. पाय वर घ्यायला सांगितले. डाव्या पायाच्या शेवटच्या दोन बोटांच्या बेचकीत रोवण्यातल्या चिखल्या सडून जखम झाली होती, पिकलेली.

"काकू, हे दुखत नाही?"

"नाई," मनकर्णाबाई म्हणाली आणि स्वतःच वाकून बघायला लागली. तिनं खरोखर आत्ता पहिल्यांदा बघितलं होतं.

"आणखी महिनाभर गेला असता तर बोट गेलं असतं," मॅडम म्हणाली. "आत्ता वाचेल."

राजदीप भिंतीला टेकून उभा होता. "आई, काऊन नाई सांगतलं तू?"

"सांगाले आली होती," ती म्हणाली. मग तिनं सरळ त्याच्या डोळ्यात बघून सांगितलं, कारण आता झाकायला उरलंच काय होतं! "मले तुह्या बाबाचा हेवा वाटे. त्यायची शुगर पाहून वाटे, अशी आपल्याले झाली तं आपल्यालेबी कोणी असं जपन. आन झाली तं कोणाले दिसलीच नाई. मंग मले राग आला. त्यायले बोलणी बसली तं मले बरं वाटलं. पाप केलं मी. पण वाटलं खरं."

हर्षा रडायला लागली. देवराव बाकावर मान खाली घालून बसला होता.

मॅडमनं नवं कार्ड काढलं, नाव लिहिलं, मनकर्णा देवराव दुर्गे. गोळीसाठी पोंभुर्ण्याला दाखवायला सांगितलं. मग नेहमीचं सुरू झालं. भात कमी, भाकर वाढवा, जखम बरी होईपर्यंत पाय पाण्यात घालायचा नाही, चुलीपाशी फार वेळ बसायचं नाही, रोज जखम धुऊन पट्टी. लिहिता लिहिता तिनं विचारलं, "घरी स्वयंपाक कोण करतं?"

"मीच," मनकर्णाबाई म्हणाली.

"मग तुमचं पथ्याचं कोण करेल?"

हा प्रश्न त्या घरात कोणी कधी विचारलाच नव्हता. राजदीपनं हर्षाकडं बघितलं, हर्षानं जमिनीकडं. दोघांची नोकरी चंद्रपूरला, खोटं तरी काय सांगणार? मनकर्णाबाईला वाटलं, झालं, आता इथंच मिटणार. मॅडम 'जमेल तसं करा' म्हणणार आणि कार्ड हातात देणार.

"मी करीन," देवराव म्हणाला.

सगळ्यांनी वळून बघितलं. तो कार्डाकडं बघत बोलत होता. "मले भाकर येते. भाजीबी येते. जंगलात चौकीवर वीस सालं मीच रांधलं. झिंगू होता संगं, त्याचं बी मीच रांधत होतो. त्याले चुलीचं काईच जमे नाई."

झिंगू म्हणजे देवरावच्या जोडीचा वनमजूर. मनकर्णाबाईला वीस वर्षं हीच समजूत होती की चौकीवर झिंगूच रांधतो आणि आपला नवरा आयतं जेवतो. दर दिवाळीला ती झिंगूसाठी आठवणीनं करंज्यांचा डबा पाठवायची, परक्या माणसानं आपल्या माणसाला घास घातला म्हणून. निवृत्त होऊन आल्यावर देवरावनं घरी एकदा पाण्याचा गंजसुद्धा चुलीवर ठेवला नव्हता.

मॅडम हसली. "वा काका! छुपे रुस्तम." राजदीपच्याही चेहऱ्यावर सुटका दिसली. हर्षानं डोळे पुसले. सगळं छान झालं असं सगळ्यांना वाटलं.

मनकर्णाबाई हसली नाही. ती नवऱ्याकडं टक लावून बघत होती. मॅडमनं हातात दिलेलं कार्ड तिच्या मुठीत चुरगळलं.

"झिंगूले भाकर गरम वाढत होते?" तिनं विचारलं.

देवराव गडबडला. "हो... म्हणजे, तव्यावरचीच खाये तो. थंडी राहे ना जंगलात."

"तव्यावरची," मनकर्णाबाई म्हणाली. पस्तीस वर्षं ती सगळ्यांच्या मागून जेवली होती. तापलेल्या तव्यावरची भाकर तिनं जन्मभर दुसऱ्याच्या ताटात टाकली होती. विहारात ती रडली नव्हती, तीनशे बावीसला रडली नव्हती, पिकलेलं बोट बघून रडली नव्हती. ती आता रडली, मॅडमच्या समोर, पोराच्या समोर, पदर तोंडात कोंबून, आणि मॅडम गोंधळून विचारत राहिली, काकू, जखम दुखते का?